नकाशामागची काच

चौथीच्या वर्गात जगाचा नकाशा मीच लावला. भूगोलासाठी लावला असं सगळ्यांना सांगितलं आणि भूगोल त्यावर शिकवलाही, पण खरं कारण भिंतीतली भेग होती. वरच्या तुळईपासून निघून ती खिडकीच्या चौकटीपर्यंत उतरली होती. पहिल्या वर्षी तिच्यात पोस्टकार्डाची कड जायची. दुसऱ्या वर्षी माझ्या करंगळीचं टोक जायला लागलं.

बावीस वर्षं मी त्या सरकारी शाळेची मुख्याध्यापिका होते. माझ्या जिभेला सगळे वचकून असत, शिक्षक काय, पालक काय, शिक्षण खात्याचे साहेब काय. घरी माझा मुलगासुद्धा. मी मात्र त्या भेगेला वचकून होते. तिच्याशी वाद घालता येत नव्हता, हीच पंचाईत.

माझा थोरला भाऊ, दादा, आयुष्यभर गवंडीकाम करून घरी बसलेला. एका सुट्टीच्या दिवशी मी त्याला गुपचूप शाळेत नेलं. त्याने भिंतीवर तळहात ठेवला, काठीने ठोकून आवाज ऐकला, आणि दुसऱ्याचं बांधकाम बघताना त्याचा चेहरा जसा होतो तसा झाला. हे ज्याने बांधलं त्याला आधी शोध, म्हणाला, भिंतीचं नंतर बघू. मग त्याने एका फुटक्या तावदानाच्या तीन पट्ट्या कापल्या आणि भेगेवर आडव्या, वर, मध्ये आणि खाली, सिमेंटने चिकटवून टाकल्या.

"काच ताणत नाही," तो म्हणाला. "भिंत केसभर सरकली तरी काच तडकणार. पट्ट्या शाबूत आहेत तोवर तुझ्याकडे वेळ आहे. तडकल्या की नाही."

नाही म्हणजे किती नाही, असं मी विचारलं. मी गवंडी आहे, ज्योतिषी नाही, एवढंच बोलून तो हात धुवायला गेला. 

त्या दिवसापासून रोज घंटेच्या आधी मी आणि शाळेतल्या मावशी त्या वर्गात जायचो. मावशी झाडलोट करायच्या, घंटा द्यायच्या आणि खरं तर शाळाही त्याच चालवायच्या. त्या नकाशाचा खालचा दांडा उचलून धरायच्या, मी विजेरीने बघायचे. वरची काच, मधली काच, खालची काच. तिन्ही धड दिसल्या की मावशी दांडा सोडायच्या आणि म्हणायच्या, "चला, आजचा दिवस मिळाला." मग मुलं आत यायची.

त्या मुलांत माझी नातही होती. एका जागी दोन मिनिटं बसत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. सूनबाईला पोरगी बसगाडी येते त्या खाजगी शाळेत घालायची होती. मीच घरात तोंड सोडलं होतं, की माझ्या शाळेत माझीच नात नसेल तर दुसऱ्यांनी आपली मुलं का पाठवायची? मी जिंकले. आता सकाळी सूनबाई पोरीची वेणी घालत असली की मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायचे. भिंगरीचा बाक नकाशापासून तिसरा होता.

वर्ग हलवायचा, असं कुणीही म्हणेल. हलवायचा कुठे? खोल्या चार. एकीची जमीन खचल्यामुळे तिला कुलूप. पहिलीवाले व्हरांड्यात बसायचे. उरलेल्या दोन खोल्यांत आधीच दोन-दोन वर्ग कोंबलेले, आणि त्यांतली एक त्याच भिंतीच्या पलीकडे. भिंत गेली तर दोन्हीकडचं छत येईल, असं दादा बोलला होता. छतावरची पाण्याची टाकी आम्ही रिकामी करून घेतली. ओझं कमी करण्यासाठी आमच्या हातात तेवढंच होतं.

मग सांगायचं होतं वर, असंही कुणी म्हणेल. तिथेच तर सगळी मेख होती.

कायद्याने शाळेसाठी दोन वेगळे अर्ज ठेवले होते. एक दुरुस्तीचा, दुसरा धोकादायक इमारतीचा. दुरुस्तीचा अर्ज केला की रांगेत नंबर लागायचा आणि नशीब असेल तर कधीतरी पैसे यायचे. धोकादायकचा अर्ज केला की चोवीस तासांत शाळेला सील लागायचं. मुलं जवळच्या शाळेत पाठवायची आणि नवी इमारत निधी मिळेल तेव्हा. नदीपलीकडच्या शाळेच्या बाईंनी चार वर्षांपूर्वी खरं ते लिहिलं होतं. त्या शाळेच्या दारात आता माझ्या छातीएवढं गवत आहे. तिथल्या नव्वद मुलांपैकी तीस जणांनी शाळा सोडली, त्यांत बहुतेक मुली. एक मला बाजारात भेटली होती, कडेवर धाकटा भाऊ घेऊन. मी विचारायच्या आतच ती म्हणाली, "लांब पडतं, बाई."

त्यामुळे आम्ही सगळे मुख्याध्यापक एकच धडा शिकलो होतो. भिंत झाका. झाकली मूठ सव्वा लाखाची. इकडे आड आणि तिकडे विहीर असताना माणूस मधल्या काठावर उभा राहतो आणि रोज देवाचे आभार मानतो, तसं आमचं चाललं होतं.

अशात बातमी आली, की आता दुरुस्तीचे पैसे वशिल्याने वाटणार नाहीत. विधानसभेच्या पाच आमदारांची समिती प्रत्येक अर्जातली शाळा स्वतःच्या डोळ्यांनी बघेल आणि मग ठरवेल. आमचाही नंबर लागला.

मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. उभ्या जन्मात आम्ही तपासणीला एकच करत आलो होतो. मोडके बाक लपवायचे, हुशार मुलं पुढे बसवायची, भिंतीला खांद्याइतका रंग मारायचा. या वेळी गरिबी दाखवायची होती, पण तीही मोजून. आजारी दिसायचं, पण मरणाच्या दारात नाही. मी मावशींना बजावलं की गळका व्हरांडा झाडू नका, तो जसा आहे तसाच दिसू दे. पाहुणे येणार आणि झाडायचं नाही, हे काही त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी झाडलाच, शिवाय दारात पाणीही शिंपडलं.

माझा बेत साधा होता. आधी दार नसलेली स्वच्छतागृहं, मग व्हरांडा, मग खचलेली खोली, मग ऑफिसात चहा. चौथीच्या वर्गात पाऊल नाही.

समिती अकराच्या सुमारास आली. अध्यक्षबाई साठीच्या, चष्म्याची दोरी गळ्यात, पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात परिचारिका होत्या म्हणे. बोलायच्या कमी आणि विचारायच्या बारीक. पहिलीतल्या पोराला त्यांनी विचारलं, की पाऊस आला की तू काय करतोस. दप्तरावर बसतो, म्हणजे पुस्तकं भिजत नाहीत, असं त्याने सांगितलं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांच्याबरोबरचे एक आमदार सारखं मनगट बघत होते. त्यांना मी मनातल्या मनात घड्याळसाहेब म्हणायला लागले. बाकीचे तिघे मागून चालत होते आणि आपसांत दुसऱ्याच कशाबद्दल बोलत होते.

सगळं बेताप्रमाणे चाललं होतं. आम्ही ऑफिसकडे वळलो आणि चौथीच्या वर्गातून मुलांचा आवाज आला. देशांच्या राजधान्या म्हणत होती, ओरडून, पाहुण्यांना ऐकू जावं म्हणून. अध्यक्षबाई थांबल्या. मुलांना भेटल्याशिवाय शाळा बघितली असं कसं म्हणू, असं म्हणत त्या आत शिरल्या सुद्धा. मी चहा गार होईल म्हणाले. घड्याळसाहेबांनीही माझी बाजू घेतली. कुणाचं काही चाललं नाही.

त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या, मुलांबरोबर, गुडघे पोटाशी घेऊन. त्यांनी समुद्र कुणाला दाखवता येतो असं विचारलं. भिंगरीने हात वर केला, तो खाली यायच्या आत ती नकाशाशी पोचलीही होती. तिने टाचा उंचावल्या आणि बोट निळ्या रंगावर टेकवलं.

तेव्हा मी तो आवाज ऐकला. टक्. बांगडी पिचावी तेवढाच.

वर्गात कुणाचं लक्ष गेलं नाही. दारातल्या मावशींचं गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

पुढचं मी लपवणार नाही, लपवालपवी पुष्कळ झाली. मी लगेच ओरडले नाही. दहा आकडे मोजायला लागतात तेवढा वेळ मी गप्प उभी राहिले. डोक्यात हिशेब चालू होता, की बोलले तर उद्या कुलूप, नाही बोलले तर चहा पिऊन ही माणसं जातील, मग मुलांना सुट्टी देऊ, मग दादाला बोलावू, मग बघू. माझ्या नातीचं बोट भिंतीवर होतं आणि मी मग बघू म्हणत होते. बावीस वर्षांची सवय अशी एका क्षणात सुटत नाही.

दुसरा आवाज आला. टक्.

"मुलांनो," मी म्हणाले, "दप्तरं तिथेच ठेवा. उभे राहा. ओळीने दाराकडे. भिंगरी, तू आधी."

माझा आवाज नेहमीचाच निघाला असावा, कारण कुणी प्रश्न विचारला नाही. मावशींनी पलीकडच्या खोलीतले वर्ग तोवर बाहेर काढले होते. अध्यक्षबाई जागच्या उठून माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटचं मूल बाहेर पडलं तसा मी नकाशा खुंटीवरून काढला आणि खाली टाकला. वरच्या आणि मधल्या काचेत सरळ रेघ गेली होती. खालची अजून धड होती.

बाईंनी ती भेग नीट बघितली, वरपासून खालपर्यंत, रोग्याची पाठ बघावी तशी. हे कधीपासून, त्यांनी विचारलं. दोन वर्षं, मी म्हणाले. मग त्यांनी मला हाताला धरून बाहेर नेलं.

संध्याकाळच्या आत सील लागलं. कायदा एरवी झोपलेला असतो, कुलूप लावायला मात्र धावत येतो. मुलांची दप्तरं आतच राहिली. कुणी आत जायचं नाही, असा हुकूम होता. फाटकाशी अध्यक्षबाई नियमाचा कागद हातात घेऊन उभ्या होत्या. माझं तोंड आता मोकळं झालं होतं. खरं बोललं की शाळा जाते, असा नियम ज्याने केला त्याने स्वतःच्या मुलांना कधी सरकारी शाळेत पाठवलंय का, असं मी विचारलं.

"तो नियम मंजूर करताना मी हात वर केला होता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, मुलं वाचतील."

 

घरी सूनबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भिंगरीच्या केसांत फणी फिरवताना, माझ्याकडे न बघता, तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, आई?" मी हो म्हणाले. ती वेणी घालत राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर मला सोसलं असतं.

आमची मुलं चौकातल्या शाळेत पाठवायचं ठरलं. हमरस्ता ओलांडून तासाभराची चाल. एकशे बारांपैकी चौऱ्याहत्तर आली. बाकीच्यांच्या घरी मी गेले, दारोदार, आणि बहुतेक ठिकाणी तेच ऐकलं, की लांब पडतं. चौकातल्या शाळेचे मुख्याध्यापक मात्र भला माणूस. त्यांच्या शर्टाला कधी चुणी पडत नाही म्हणून सगळे त्यांना इस्त्री सर म्हणतात. त्यांनी आपला हॉलच आम्हाला दिला. तुमची सगळी मुलं एकत्र बसतील, वेगवेगळ्या वर्गांत बुजतील, म्हणाले. मला रडू आलं.

हॉल मोठा होता, रंगवलेला होता. मागच्या भिंतीवर गुणवंत मुलांचा लाकडी फलक होता, दोन माणसं निजतील एवढा, नुकतं पॉलिश केलेला. सूनबाई स्वतः येऊन हॉल बघून गेली. इथे चालेल, म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून थोडं हसली. बाक लावताना इस्त्री सरांनी एकच सांगितलं, की फलकाच्या बाजूला पाच-सहा हात जागा मोकळी सोडा, तिकडून ऊन येतं. आम्ही सोडली. मावशी आमच्याबरोबरच तिकडे आल्या होत्या, त्या आता त्या हॉलची झाडलोट करायच्या. मी बिनशाळेची मुख्याध्यापिका झाले होते, पण दोन वर्षांनी पहिल्यांदा रात्रीची झोप लागत होती. सकाळी विजेरी उचलायची नाही, या विचाराने कितीतरी दिवस हात रिकामा वाटायचा.

तीन आठवड्यांनी अध्यक्षबाईंचं पत्र आलं. कायदा बदलायचा होता आणि त्यासाठी समितीला राज्यभरातले चाळीस मुख्याध्यापक समोर बसवून ऐकायचे होते. इस्त्री सरांनाही बोलावणं होतं. आम्ही एकाच बसने गेलो. वाटेत त्यांनी मला बिस्किटाचा पुडा दिला आणि स्वतः एकही खाल्लं नाही. बस लागते का, असं मी त्यांना विचारलंही.

विधान भवनातल्या त्या दालनात गालिचा होता आणि प्रत्येकासमोर पाण्याचा पेला. मी सवयीने आधी छत बघितलं. एक ओरखडा नव्हता.

अध्यक्षबाईंनी बदल वाचून दाखवले. शाळेच्या आवारातच मुलांसाठी तात्पुरत्या खोल्या उभ्या राहिल्याशिवाय कुठलीही शाळा बंद करायची नाही. दरवर्षी प्रत्येक शाळेला इमारतीच्या वयाप्रमाणे आणि मुलांच्या संख्येप्रमाणे दुरुस्तीचे पैसे द्यायचे, कुणी अर्ज न करता आणि कुणाच्या पाया न पडता. इमारत तपासायला इंजिनियर बाहेरच्या जिल्ह्यातला यायचा, ज्याला इथल्या कुणाची भीड नाही असा. घड्याळसाहेबांनी पैसे कुठून आणायचे ते विचारलं. आमदारांच्या नव्या विश्रामगृहासाठी ठेवलेत तिथून सुरुवात करू, आपण जुन्यात झोपू, असं बाई म्हणाल्या. कुणीतरी हसलं, घड्याळसाहेब नाही.

मग त्यांनी मला उभं केलं आणि नकाशाची गोष्ट सांगायला लावली. मी सांगितली, दहा आकड्यांसकट. 

"या बाईंनी खरं सांगितलं म्हणून त्यांची शाळा गेली," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आज इथे जे सांगतील त्यांची जाणार नाही. हे मी लेखी देते." त्यांनी खरोखरच कागदावर चार ओळी लिहिल्या, सही केली आणि तो कागद सगळ्यांना दिसेल असा टेबलावर उभा ठेवला. "तुमच्यापैकी किती जणांकडे असा नकाशा आहे?"

 कुणी पेनाचं टोपण बघत होतं, कुणी पेल्यातलं पाणी. मला त्या सगळ्यांचा राग आला आणि मग आठवलं, की महिन्यापूर्वी मीही इथे बसून टोपणच बघितलं असतं. भिंतीवरचं घड्याळ पावणेबारा दाखवत होतं. आठवड्याचा मधला दिवस. शाळा भरलेल्या होत्या.

माझ्या शेजारची कडक इस्त्रीची बाही हळूहळू वर गेली.

"आमच्याकडे फलक आहे," इस्त्री सर म्हणाले.

कुठला फलक, बाईंनी विचारलं. गुणवंतांचा, हॉलमधला, त्यांनी सांगितलं, आणि ते माझ्याकडे न बघता सांगितलं. तेवढ्यात माझ्या डोक्यात एक गोष्ट लखकन आली. त्या बाजूला खिडकीच नाही. ऊन येतं म्हणाले होते आणि तिथे खिडकी नव्हती. दोन वर्षं रोज नकाशा उचलून बघणारी मी, त्या फलकाच्या मागे एकदाही डोकावले नव्हते. चांगला चकचकीत आहे म्हणून कौतुक केलं होतं.

"तुमच्या मुलांना मी नाही म्हणू शकलो नाही," ते म्हणत होते. "नाही म्हणालो असतो तर कारण सांगावं लागलं असतं."

मी उठून मावशींना फोन लावला. सातव्या घंटीला त्यांनी उचलला आणि वर्ग चालू असताना कशाला फोन केला म्हणून माझ्यावरच वैतागल्या. मी तेच शब्द बोलले. दप्तरं तिथेच. उभे राहा. ओळीने दाराकडे. 

"फलक?" त्यांनी विचारलं.

तुम्हाला माहीत होतं का, असं मी ओरडले असेन, कारण समोरचे आमदार वळून बघायला लागले.

"रोज झाडताना त्याच्याखाली चुन्याची भुकटी सापडायची," मावशी म्हणाल्या. "बोलले असते तर पुढची शाळा कुठली होती, बाई?"

त्यांनी फोन चालूच ठेवून कमरेला खोचला असावा. बाक सरकल्याचे आवाज आले, पायांचे आवाज आले, कुणीतरी हसलं, मावशी कुणावर तरी खेकसल्या. मग त्या मोजायला लागल्या. त्या दिवशी तीन मुलं गैरहजर होती, म्हणजे एकाहत्तर व्हायला हवी होती. मी त्यांच्याबरोबर ओठांतल्या ओठांत मोजत होते. साठ झाली. पासष्ट झाली. एकोणसत्तरवर मावशी थांबल्या.

"दोन कमी आहेत," त्या म्हणाल्या. आणि मग, मी विचारायच्या आधीच, "भिंगरी नाही."

मी टेबलाची कड धरली. सूनबाईचा आवाज कानात आला, तुम्हाला माहीत होतं, आई? आता तिला काय सांगणार होते, की नाही, या वेळी माहीत नव्हतं? मावशी नातीच्या नावाने हाका मारत धावत होत्या, त्यांचा श्वास फोनमध्ये आपटत होता. हॉलमध्ये जाऊ नका, असं मला म्हणायचं होतं, आणि जा असंही म्हणायचं होतं.

"नळावर आहेत दोघी," मावशी म्हणाल्या. "बाटल्या भरतायत, अवदसा." आणि त्या रडायला लागल्या.

मी खुर्चीत बसले तेव्हा मला दालनातला आवाज ऐकू आला. आधी वाटलं माझेच कान वाजतायत. मग वळून बघितलं. जवळपास सगळे मुख्याध्यापक उभे होते आणि प्रत्येकाच्या कानाला फोन होता. कुणी भिंतीकडे तोंड करून बोलत होतं, कुणी खिडकीकडे. सगळ्यांचा आवाज हलका होता आणि सगळे एकच बोलत होते. बाहेर काढा. काही विचारू नका, आधी बाहेर काढा. कपाटाजवळचे आधी. फळ्याजवळचे आधी. इस्त्री सर आपल्या मुलांची संख्या मोजून घेत होते, त्यांचा शर्ट पाठीवर घामाने चिकटला होता. अध्यक्षबाई सगळ्यांकडे बघत उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा त्या दिवशी वर्गात माझा झाला असेल तसा झाला होता. घड्याळसाहेब आपलं घड्याळ बघायचं विसरले होते.

एकच बसून होती. शेवटच्या रांगेत एक तरुण शिक्षिका, पंचविशीची असेल नसेल, फोन मांडीवर उलटा ठेवून. मी तिच्यापाशी गेले. तुझी शाळा धड आहे का, असं मी आशेने विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. भेगेवर तिने अक्षरांचा तक्ता लावला होता, स्वतः रंगवून.

"मग फोन कर की," मी म्हणाले.

"कुणाला करू?" ती म्हणाली. "माझी एकशिक्षकी शाळा आहे. आज मोठ्या मुली लहानांना शिकवतायत. शाळेत फक्त मुलं आहेत."

जवळपास कुणी शेजारी, कुणी दुकानदार, मी विचारत गेले. शाळा टेकडीवर होती, वस्तीपासून लांब, आणि वस्तीतही फोन लागत नव्हता. किती मुलं? एकोणीस. अध्यक्षबाईंनी ऐकलं असावं. त्या टेबलाला वळसा घालून आमच्याकडे आल्या, त्यांनी चष्मा छातीवर सोडला, शिपायाला गाडी दारात आणायला सांगितलं आणि त्या मुलीचा हात धरून तिला उठवलं. मीही निघाले, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी. जिना उतरताना मी किती लांब आहे ते विचारलं.

दीड तासाचा रस्ता होता.